केपटाऊनचा समुद्रकिनारा ग्रुप टूरमध्ये निवांत कसा बघायचा

आधीच सांगते, ग्रुप टूर आणि निवांत हे दोन शब्द एका वाक्यात बसतात असं मलाही कधी वाटलं नव्हतं. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस, हे टूरवाल्यांचं सहा-सात-आठ ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. पण साउथ आफ्रिकेच्या टूरमध्ये एक दिवस असा येतो की थोडं डोकं लावलं तर खरंच आरामात जातो, तो म्हणजे केप पेनिन्सुलाचा, केपटाऊनच्या खालच्या द्वीपकल्पाचा दिवस. केपटाऊनहून निघायचं, समुद्राच्या कडेकडेने खाली केप पॉइंटपर्यंत जायचं आणि दुसऱ्या बाजूच्या समुद्राच्या कडेने संध्याकाळी परत. एका बाजूचं अंतर साठ-सत्तर किलोमीटर, म्हणजे अख्ख्या दिवसाला काहीच नाही. तरी लोक दमून येतात कारण प्रत्येक स्टॉपला सगळंच करायचं असतं. मी आईला घेऊन गेलेले, तिचं वय सत्तरच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे मला आधीच ठरवावं लागलं की काय करायचं आणि काय सोडायचं. ते सोडायचं ठरवलं ना, तिथेच अर्धं काम झालं.

आदल्या रात्रीपासून सुरुवात करू. टूर मॅनेजरला जेवणाच्या टेबलवर एकच प्रश्न विचारायचा, उद्या बस कुठल्या बाजूने जाणार, आधी हाउट बे की आधी म्युझेनबर्ग? बहुतेक बस आधी अटलांटिकच्या बाजूने म्हणजे कॅम्प्स बे, हाउट बे करत खाली जातात आणि येताना सायमन्स टाऊन, म्युझेनबर्गकडून फॉल्स बे म्हणजे दुसऱ्या बाजूच्या खाडीच्या कडेने वर येतात. असं असेल तर समुद्र जाताना पण उजव्या हाताला आणि येताना पण उजव्या हाताला. नकाशा काढून बघा, खरंय ते. तिकडे पण आपल्यासारखीच गाडी डाव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची लाइन पकडायची. बस उलटी फिरणार असेल तर डावीकडची. आता सीट रोटेशन असतंच, आणि त्यावरून ग्रुपमध्ये जी महाभारतं होतात ती वेगळी सांगायला नको, पण रोटेशनमध्ये रांगा पुढेमागे होतात, डावी-उजवी बाजू बऱ्याचदा मॅनेज होते. नाहीच झाली तर येताना कुणाशी तरी अदलाबदल करायची, पाच वाजेपर्यंत निम्मी बस झोपलेली असते, कोणी नाही म्हणत नाही.

त्याच रात्री मोबाईल फुल चार्ज करून ठेवा. तिथला सॉकेट म्हणजे आपल्याकडे गिझरला किंवा एसीला जो जाडा तीन पिनांचा प्लग असतो ना, तसाच. आम्ही एअरपोर्टवरून महागडा युनिव्हर्सल अडॅप्टर घेऊन गेलेलो आणि त्यात ही पिनच नव्हती. ग्रुपमधल्या एका काकांनी घरून पंधरा अँपिअरचा साधा कन्व्हर्टर आणलेला, गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला, आणि पूर्ण मजल्याचे फोन त्यांच्या रूमवर चार्ज झाले.

कपड्यांचं म्हणाल तर तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी, आणि नावाला उन्हाळा. ऊन कडक, चटका बसतो, सनस्क्रीन विसरलात तर संध्याकाळी नाक सोललेलं असतं. पण वारा! आग्नेयेकडून येणारा तो वारा इतका जोरात असतो की तिथल्या लोकांनी त्याला नाव ठेवलंय केप डॉक्टर, शहरातली घाणेरडी हवा उडवून नेतो म्हणून. साध्या टोप्या उडून जातात, हनुवटीखाली दोरी असलेली न्या किंवा सरळ स्कार्फ बांधा. विंडचीटर पाहिजेच, स्वेटर पिशवीत असू दे. साडी नेसणाऱ्या काकूंनी भरपूर सेफ्टी पिना घ्या, आमच्या बसमधल्या दोघींनी नवीन साड्या नेसलेल्या फोटोसाठी आणि केप ऑफ गुड होपच्या पाटीसमोर पदर सांभाळण्यातच त्यांचा वेळ गेला, सगळ्या फोटोत चेहऱ्यावर पदर. पंजाबी ड्रेस बरा. पायात बूट, नाहीतर मागे पट्टा असलेली सँडल तरी, स्लीपर अजिबात नको.

सकाळी नाश्ता जरा हात राखून. बुफे बघून सुटायचं नाही, कारण पुढे आहे बोट आणि त्यापुढे घाट.

पहिला स्टॉप साधारण कॅम्प्स बेच्या आसपास फोटोसाठी असतो, मागे ट्वेल्व अपोस्टल्स नावाची डोंगरांची रांग आणि पुढे पांढरी वाळू. पाणी बघून पाय बुडवायचा मोह होईल, बुडवा, पण बर्फासारखं गार लागतं ते. त्या बाजूने बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. मुरुड-गणपतीपुळ्याच्या कोमट पाण्याची सवय असलेला माणूस तिथे घोट्यापर्यंत जाऊन ओरडत परत येतो.

मग हाउट बे. हाउट म्हणजे डच भाषेत लाकूड, पूर्वी इथे जंगल होतं आणि लाकूडतोड चालायची. आता छोटं मच्छीमारी बंदर आहे आणि इथून बोटी सुटतात ड्यूकर आयलंडला सील बघायला. आयलंड म्हणायचं, पण तो मोठा खडकच आहे, त्यावर उतरू देत नाहीत, बोट जवळ जाऊन घुटमळते आणि परत येते. एकूण पाऊण तास धरा. इथे मी स्पष्ट बोलते, ही बोट सगळ्यांसाठी नाही. बंदरातून बाहेर पडेपर्यंत गेटवेहून मांडव्याला जातोय असं वाटतं, आणि बाहेर पडलं की लाटा बोटीला अशा उचलतात की मागच्या बाकावर अथर्वशीर्ष सुरू होतं. ज्यांना घाटात सुद्धा मळमळतं त्यांनी डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी आधीच घ्यायची, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि बसायचं बाहेर मोकळ्या हवेत, नजर लांब क्षितिजावर. खाली काचेतून पाणी बघत बसलात तर संपलंच. शिवाय सीलांचा वास! शेकड्याने सील एका खडकावर, भाऊच्या धक्क्यावर दुपारी बाराला उभं राहिल्यासारखं. पण पोहणारे सील बघायला धमाल येते हे पण खरं, पाण्यात उलटे होऊन वल्ह्यांसारखे पाय बाहेर काढून पडून राहतात, आपण रविवारी सोफ्यावर पडतो तसे.

आई बोटीत आली नाही. बंदरावर बाकावर बसली, रूइबॉस चहा घेतला (लाल रंगाचा असतो, तिकडच्याच एका झुडपाचा, त्यात चहापत्ती नसते, दूध घालून पण देतात), समोर कोळ्यांच्या बोटी लागत होत्या त्या बघितल्या, हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या बाईशी खुणांनी घासाघीस करून मण्यांची माळ घेतली. आम्ही हिरवे चेहरे घेऊन परत आलो तेव्हा बाईसाहेब एकदम फ्रेश. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की टूरमध्ये 'पैसे भरलेत म्हणून करायचंच' हे डोक्यातून काढा, एखादी गोष्ट सोडली तर तो वेळ तुमचा होतो. फक्त टूर मॅनेजरला सांगून सोडायची, बस कुठे उभी आहे आणि किती वाजता निघणार हे विचारून ठेवायचं. आणि एकटं नाही, दोघं-तिघं मिळून बसा, पर्स मांडीवर, मोबाईल हातात मिरवायचा नाही. सावधपणा केपटाऊनमध्ये लागतो, घाबरायची गरज नाही पण दादरच्या गर्दीत वागतो तसं वागायचं.

हाउट बेहून पुढचा रस्ता म्हणजे चॅपमन्स पीक ड्राइव्ह. ९ किलोमीटर आणि ११४ वळणं, डोंगर कोरून काढलेला, १९२२ मध्ये खुला झाला. आपला वरंध घाट डोळ्यासमोर आणा आणि खाली दरीच्या जागी निळा समुद्र ठेवा. टोल आहे, तो टूरमध्येच असतो. इथे एक विनंती, मोबाईल खाली ठेवा. हलत्या बसच्या काचेतून काढलेले फोटो कधीच चांगले येत नाहीत, काचेत आपलंच प्रतिबिंब आणि पुढच्याचं डोकं. व्ह्यू पॉइंटला बस थांबली तर दोन फोटो काढा, बाकी नुसतं बघा. आणि हे लक्षात ठेवा की हा रस्ता कधी कधी बंद असतो, दरडी कोसळतात म्हणून, आपल्या माळशेजसारखंच. मग बस आतल्या डोंगरी रस्त्याने जाते. आमच्या आधीच्या आठवड्यात आलेल्या ग्रुपचं तसं झालेलं म्हणे आणि लोकांनी बसमध्ये भांडण काढलं. दरडीशी कोण भांडणार? तो पण रस्ता चांगला आहे, खिडकीतून बघा आणि गप बसा.

आता मुख्य जागा. नॅशनल पार्कच्या गेटमधून आत शिरलं की एकदम ओसाड, झाडं नाहीत, नुसती खुरटी झुडपं, आणि बसमध्ये कोणीतरी म्हणतंच, एवढं लांब हे बघायला आलो? ती झुडपं म्हणजे फिनबॉस. जगात वनस्पतींची सहा साम्राज्यं मानतात त्यातलं सगळ्यात छोटं हे केपचं, आणि यातली कितीतरी झुडपं जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. आपल्या कास पठारासारखं समजा, लांबून माळ वाटतो, खाली वाकलं की खजिना. साउथ आफ्रिकेचं राष्ट्रीय फूल प्रोटिया याच झुडपांमधलं, क्रिकेटवाल्यांना नाव माहीतच असेल. शहामृग मोकळे फिरताना दिसतात, नशीब असेल तर समुद्राच्या कडेलाच.

आणि बबून. याच्यावर वेगळा पॅरा पाहिजे. माथेरान-महाबळेश्वरची माकडं ज्यांनी झेललीत त्यांनी पण हलक्यात घेऊ नका, हे मोठे असतात, सुळे भयंकर, आणि पिशवी म्हणजे खाणं हे त्यांना पक्कं माहितीये. चिवडा, भडंग, बाकरवडी, जे काय टूरवाल्यांनी वाटलेलं असेल ते बसमध्येच ठेवायचं, बाहेर हातात पाकीट नको, प्लास्टिकची पिशवी तर नकोच. बसचं दार बंद. खिडकी उघडी ठेवून समोसा खायचा नाही. बबूनने पिशवी धरली तर सोडून द्या, ओढाताण करू नका. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी बाकरवडीचं पाकीट वाचवायला त्याच्याशी डोळ्यात डोळे घालून दोन मिनिटं बोलणी केली. बबून जिंकला. चितळ्यांचा माल आफ्रिकेत पोचला एवढंच समाधान. आणि स्वतःहून खायला तर अजिबात घालायचं नाही, तिथे ते कायद्याने बंद आहे, खाण्याला चटावलेल्या बबूनलाच शेवटी त्याची किंमत मोजावी लागते.

इथे दोन वेगळ्या जागा आहेत आणि लोक कायम गोंधळ करतात. एक केप पॉइंट, उंच कडा, वर दीपगृह. दुसरी केप ऑफ गुड होप, खाली समुद्राच्या पातळीवर, जिथे ती फेमस लाकडी पाटी आहे. बस दोन्हीकडे नेते. केप पॉइंटला वर जायला फ्लाइंग डचमन नावाची छोटी रेल्वेसारखी फ्युनिक्युलर आहे, तीन-एक मिनिटांत वर सोडते. त्यानंतर दीपगृहापर्यंत शंभर-सव्वाशे पायऱ्या उरतातच, हे टूर मॅनेजर सांगायला विसरतात. गुडघेवाल्यांनी फ्युनिक्युलर उतरलं की तिथल्याच कठड्यापाशी थांबावं, समुद्र तिथूनही तेवढाच दिसतो. चालणाऱ्यांनी वर जाताना फ्युनिक्युलर घ्या आणि खाली येताना चालत या.

वरच्या दीपगृहाची गोष्ट मला फार आवडली. १८६० चं ते, मुद्दाम उंचावर बांधलं की लांबून दिसावं, आणि झालं काय तर इतकं उंच की ढग आणि धुकं आलं की दिवाच झाकला जायचा. १९११ मध्ये लुसिटानिया नावाची पोर्तुगीज बोट इथल्या खडकावर आपटली (पहिल्या महायुद्धात बुडवली ती लुसिटानिया वेगळी), आणि मग शहाणपण येऊन खाली, पाण्यापासून ८७ मीटरवर नवीन दीपगृह बांधलं. तो खालचा दिवा बघायला जुन्या दीपगृहाच्या मागे जाऊन टोकाकडे वाकून बघायचं, बहुतेक ग्रुप तिकडे जातच नाही.

मग खाली पाटीवर. पाटीवर लिहिलंय ते नीट वाचा, आफ्रिका खंडाचं सगळ्यात नैऋत्येचं टोक. दक्षिण टोक नाही! खरं दक्षिण टोक केप अगुल्हास, तिथून आग्नेयेला दीडएकशे किलोमीटर लांब, आणि अटलांटिक आणि हिंदी महासागराची अधिकृत हद्द पण तिथेच. त्यामुळे 'दोन रंगांचं पाणी दिसतंय बघ' असं कोणी म्हणालं तर हो म्हणायचं आणि पुढे जायचं, वाद घालून दिवस खराब करायचा नाही. पण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात 'केप ऑफ गुड होपला वळसा घालून' हे वाक्य आपण सगळ्यांनी घोकलेलं असतं. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाश इथून वळला, त्याने याला वादळांचं टोक म्हटलं असं सांगतात आणि राजाने नाव बदलून आशेचं टोक केलं. नऊ वर्षांनी वास्को द गामा याच वाटेने आला आणि १४९८ मध्ये कालिकतला उतरला, पुढे १५१० मध्ये गोवा गेलं, मग वसई. त्या दगडांवर बसून मी आईला म्हटलं, या वळणावर वारा जरा उलटा असता तर आपल्याकडे पाव आणि मिरची कधी आली असती कोण जाणे. आई म्हणाली, म्हणजे मिसळ नसती. दहा मिनिटं आम्ही दोघी नुसत्या लाटा बघत बसलो, आणि अख्ख्या टूरमधली माझ्या लक्षात राहिलेली दहा मिनिटं तीच.

ती दहा मिनिटं मिळवायची ट्रिक सांगते. बस थांबली की सगळे पाटीकडे पळतात, रांग लागते, प्रत्येक कुटुंबाचे पाच पाच फोटो, मग ग्रुप फोटो, मग बॅनर. तुम्ही पळू नका. आधी बाजूला दगडांवर जाऊन बसा, आणि लोक बसकडे परतायला लागले की तेव्हा जाऊन तुमचा फोटो काढा, पाटी मोकळी मिळते. बसला उशीर मात्र करायचा नाही, ग्रुपचं पाच मिनिटं म्हणजे चाळीस जणांची पाच मिनिटं.

जेवण बहुतेक सायमन्स टाऊनच्या आसपास असतं. मासे खाणाऱ्यांची चैन, हेक, कॅलमारी, किंगक्लिप, पण आपल्या तिखटाची अपेक्षा ठेवू नका, सगळं लिंबू-मीठ आणि पिठात घोळवून तळलेलं. शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा छोट्या डबीत नेला तर टेबलावर तुम्हीच राजे. व्हेज आणि जैन लोकांनी आदल्या दिवशीच टूर मॅनेजरला परत एकदा आठवण करा, फॉर्मवर लिहिलंय यावर विसंबू नका. हॉटेलात वेटरला साधारण दहा टक्के टिप देतात, टूरमध्ये ती धरलेली असते का हे विचारून घ्या.

जेवल्यावर पेंग्विन, बोल्डर्स बीच. १९८२ मध्ये इथे पेंग्विनच्या फक्त दोन जोड्या होत्या म्हणे, आता मोठी वसाहत आहे. बर्फातले नव्हेत हे, उन्हात वाळूवर उभे राहणारे आफ्रिकन पेंग्विन, गुडघ्याएवढे, आणि ओरडतात थेट गाढवासारखे, डोळे मिटले तर वाटतं कोणाचं तरी गाढव सुटलंय. गोंडस दिसतात पण चोच ब्लेडसारखी, हात लावायचा नाही, सेल्फीसाठी कठड्यावरून वाकायचं नाही. २०२४ मध्ये त्यांना अतिसंकटग्रस्त यादीत टाकलंय, मुख्य कारण म्हणजे सार्डिन-अँकोव्हीसारखे त्यांच्या खाण्याचे मासेच कमी झालेत. लाकडी पाथवे सपाट आहे, आईसारख्यांना काही त्रास नाही. सगळे पाथवेच्या टोकाला गर्दी करतात, तिकडे न जाता वाटेतल्या झुडपांखाली बघा, घरटी तिथेच असतात. निघताना पार्किंगमध्ये गाड्यांखाली बघायला सांगणाऱ्या पाट्या आहेत, गंमत नाही, खरंच जाऊन बसतात.

सायमन्स टाऊनमध्ये वेळ उरला तर चौकात एका कुत्र्याचा पुतळा आहे तो बघा. जस्ट न्यूसन्स नावाचा ग्रेट डेन, नाविकांबरोबर लोकलने फुकट फिरायचा, रेल्वेने तक्रारी केल्या, शेवटी ब्रिटिश नौदलाने त्याला १९३९ मध्ये रीतसर भरती करून घेतलं म्हणजे पासचा प्रश्न मिटला. विनातिकीट प्रवासावर इतका सुंदर तोडगा आपल्या मध्य रेल्वेला कधी सुचायचा नाही.

येताना म्युझेनबर्गला रंगीत लाकडी खोल्यांची रांग आहे, लाल पिवळ्या निळ्या, तिथे बस थांबली तर पाय बुडवायचे ते इथे. फॉल्स बेचं पाणी अटलांटिकपेक्षा जरा कोमट. फॉल्स म्हणजे फसवी, पूर्वेकडून येणारे खलाशी हिलाच केपटाऊनची खाडी समजून आत वळायचे म्हणून. इथे अर्धा तास मिळाला तर शॉपिंग नको, वाळूत बसा. आमच्यातले चौघं फ्रिज मॅग्नेट शोधत फिरले आणि तेच मॅग्नेट दुसऱ्या दिवशी शहरात मिळाले.

सहापर्यंत हॉटेल. उन्हाळ्यात तिकडे आठच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे आंघोळ करून, चहा घेऊन पण संध्याकाळ शिल्लक. आमच्या ग्रुपमधले काही जण लगेच मॉलला पळाले. आई आणि मी लॉबीत बसून गुजराती काकूंकडचे खाखरे खाल्ले.

झोपायच्या आधी टूर मॅनेजरला वाऱ्याचं विचारून घ्या. टेबल माउंटन या केपटाऊनच्या डोंगरावर जाणारी केबल कार वारा वाढला की बंद करतात, त्यामुळे कधी कधी सकाळी उठल्यावर कार्यक्रम बदलतो आणि हा समुद्राचा दिवस उद्यावरचा आज किंवा आजचा उद्यावर जातो. म्हणून विंडचीटर, टोपी, मळमळीची गोळी आणि ती ठेच्याची डबी मोठ्या बॅगेत तळाला टाकू नका, रोजच्या पिशवीतच राहू द्या.